सील तोडायचं कुणी?

आदिलाबाद कापसाचं गाव, आणि डिझेल पंपाच्या कामाला कापसासारखा वैरी नाही. दिवाळीच्या सुमारास जिनिंगा सुरू झाल्या की रुईची लव हवेत तरंगायला लागते. विजेच्या तारांवर, टपऱ्यांच्या पत्र्यांवर, उभ्या ट्रकांच्या रेडिएटरवर जाऊन बसते. तिचा एक तंतू पंपाच्या आत गेला तरी दिवसभराची मेहनत मातीत. म्हणून हायवेलगतच्या आमच्या पंपरूमचं दार हंगामभर लावलेलं, पंखा बंद, आणि आत सुती चिंधी आणायला सक्त मनाई. बाहेर ताटकळणाऱ्या ड्रायव्हरला वाटायचं, आत काहीतरी दोन नंबरचं चाललंय. क्वचित ते खरंही असायचं. त्याकडं येतोच.

लोकांना पंप म्हटलं की पेट्रोल पंप आठवतो, नाहीतर विहिरीवरची मोटार. आमचा पंप इंजिनाच्या कुशीला बसलेला, वीतभर-दीडवीत लांबीचा. सहा सिलिंडरच्या इंजिनाला याच्या डोक्यावरून सहा पोलादी नळ्या निघतात. आत प्रत्येक सिलिंडरसाठी एक एलिमेंट, म्हणजे एक बारीक दट्ट्या आणि त्याची नळी. दोन्ही जोडीनंच घासून तयार केलेले. त्यांच्यामधली फट दोन-तीन मायक्रॉनची; माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. त्यामुळं एका जोडीतला दट्ट्या दुसरीच्या नळीत घालायचा नाही, हा पहिला धडा. पोरानं गडबडीत दोन जोड्या एकात एक केल्या तर आमचे उस्ताद ओरडायचे नाहीत, फक्त दोन्ही भंगाराच्या डब्यात टाकायचे. ओरडा त्यापेक्षा परवडला असता.

नवा एलिमेंट तपासायची उस्तादांची पद्धत बघण्यासारखी होती. नळी तिरकी धरायची, दट्ट्या स्वच्छ डिझेलात बुडवून थोडासा आत सरकवायचा आणि सोडून द्यायचा. तो आपल्याच वजनानं, घाई न करता, खाली उतरत गेला पाहिजे. अडखळला तर खराब, धाडकन पडला तरी खराब. दट्ट्या धरायचा तो टोकाला, दोन बोटांनी. मुठीत धरला तर हाताच्या उबेनंही तो फुगतो. बाहेर लव उडतेय, ४४ नंबरच्या हायवेवर ट्रक भोंगे वाजवताहेत, आणि आत एक मोठा माणूस श्वास रोखून पोलादाचा एक तुकडा खाली उतरताना बघतोय.

भरल्या लोडवर मध्यम ट्रकच्या इंजिनात हा दट्ट्या एका ठोक्याला साधारण ६० घनमिलिमीटर तेल सोडतो, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाएवढं. इंजिन २४०० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला असे २० थेंब, २०० वातावरणांच्या आसपास दाबानं उघडणाऱ्या नोझलमधून, अगदी ठरल्या क्षणी. दट्ट्याच्या अंगावर एक तिरकी कड कोरलेली असते. रॅक नावाची पट्टी सरकली की दट्ट्या किंचित वळतो, कड पुढंमागं होते आणि थेंब लहानमोठा होतो. ॲक्सिलरेटर दाबणारा ड्रायव्हर प्रत्यक्षात एवढंच करतो. आणि ती पट्टी जास्तीत जास्त कुठवर जाऊ द्यायची, हे एक स्क्रू ठरवतो. स्क्रूला नट, नटाला तार, तारेला शिशाचं सील.

इंजिनाची ताकद किती, या प्रश्नाचं उत्तर बाहेरच्या पितळी प्लेटवर कोरलेलं असतं. ते खरं करायचं की खोटं, हे त्या स्क्रूकडं. आणि स्क्रूची चावी असते पंपरूमच्या कळकट टेबलाच्या खणात.

आमच्याकडं येणाऱ्या गाड्यांची तक्रार बहुधा एकच. हैदराबादहून परतताना निर्मल सोडलं की महबूब घाट चढायचा. माल भरलेला, मागं रांग लागलेली, गाडी पहिल्या गियरला आलेली. मग ड्रायव्हर आमच्या दारात उभा राहून म्हणायचा, ‘उस्ताद, थोडा तेल बढा दो.’ आदिलाबादेत मराठी, तेलुगू, गोंडी, दख्खनी सगळं एकाच चहात ढवळलेलं, पण पंपाची भाषा दख्खनीच. तेल वाढवणं म्हणजे तो स्क्रू दोन आटे फिरवणं. गाडी उड्या मारत घाट चढते, मागं काळा धूर सोडते, डिझेल जास्त पिते. सिलिंडरमध्ये हवा तेवढीच असते आणि तेल जास्त जातं. जे धड जळत नाही ते काजळी होऊन बाहेर पडतं, आणि जे जळतं ते पिस्टन तापवतं. पुढं एखाद्या उन्हाळ्यात पिस्टनचा माथा वितळतो. तेव्हा ड्रायव्हर वेगळा असतो, मालकही कधीकधी वेगळा असतो, आणि स्क्रू कुणी फिरवला ते कुणालाच आठवत नाही.

उस्तादांचा यावर एक उपाय होता, आणि तो पंपरूमच्या बाहेर कधी गेला नाही. नाही म्हटलं तर गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाणार, तिथं सील कटरनं कापणार. म्हणून ते हो म्हणायचे. पंप उतरवायचे, तपासणीच्या बेंचवर चढवायचे, दार लावून घ्यायचे. बेंचवर सहा काचेच्या नळ्या शेजारी शेजारी असतात. ठरलेल्या फेऱ्यांना, ठरलेल्या ठोक्यांत प्रत्येकीत किती तेल पडलं ते रेघेवर दिसतं. हायवेवर फिरून आलेल्या पंपात सहा नळ्यांची पातळी कधीच सारखी नसते. एक सिलिंडर उपाशी, शेजारचा खाऊन सुजलेला. उस्ताद सहाही एका रेघेवर आणायचे, नोझल बदलायचे, टायमिंग बघायचे, पोराला पाठवून गाडीचा एअर फिल्टर झाडून घ्यायचे. त्यातून निम्मं शिवार आणि निम्मी जिनिंग निघायची. मुख्य स्क्रूला हातही लावायचे नाहीत. शेवटी जुनी तार काढून नवी तार, नवं सील. बाहेर येऊन गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, ‘बढा दिया. पर किसी को बोलना मत.’

पुढच्या खेपेला तोच ड्रायव्हर मिठाईचा पुडा घेऊन यायचा. गाडी चढते, धूरही कमी झाला आणि ॲव्हरेज वाढलं! तेल वाढवून ॲव्हरेज कसं वाढेल, हा प्रश्न एकालाही पडल्याचं मला आठवत नाही.

हा पंप ट्रकवर आला कसा, त्याचा किस्सा जुना आहे. रुडॉल्फ डिझेलच्या १८९७ च्या इंजिनात तेल पंपानं फवारलं जात नव्हतं. दाबलेल्या हवेनं आत फुंकलं जायचं. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा, आणि इंजिनाच्या जोराचा एक वाटा तोच खायचा. एवढं लटांबर कारखान्यात किंवा जहाजात मावतं. म्हणून डिझेल आधी समुद्रात गेलं. १९१२ साली कोपनहेगनच्या बुर्माइस्टर अँड वेन कंपनीचं ‘सेलँडिया’ हे जहाज निघालं तेव्हा त्यात १२५० हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं होती आणि धुराडं नव्हतं. धुराड्यावाचून जहाज म्हणजे तेव्हा बंदरावरच्या लोकांना नवलच. रस्त्यावर यायला मात्र छोटा, बिनहवेचा, अचूक पंप हवा होता. तो रॉबर्ट बॉशच्या कंपनीनं १९२२ मध्ये हाती घेतला आणि १९२७ च्या अखेरीस विक्रीला आणला. आपल्याकडं तोच पंप बंगळूरच्या मायकोनं घरोघरी पोचवला. कंपनी १९५१ ची. नोझल पुढं नाशिकच्या सातपूरलाही बनू लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं, पण पंपरूममध्ये आजही म्हातारी माणसं ‘मायकोचा एलिमेंट’च मागतात.

समुद्राचं इंजिन रस्त्यावर आणायचा खरा खटाटोप अमेरिकेत क्लेसी कमिन्सनं केला. हा एका बँकरचा ड्रायव्हर-मेकॅनिक. बँकर विल्यम अर्विन यांनी दहा वर्षं त्याच्या डिझेल कारखान्यात पैसा ओतला आणि हाती फारसं काही लागलं नाही. १९२९ च्या नाताळात क्लेसीनं एक जुनी पॅकार्ड लिमोझिन घेतली, तिच्यात आपलं बोटीचं ‘मॉडेल यू’ इंजिन बसवलं आणि अर्विनना फिरवून आणलं. पुढच्याच महिन्यात ती गाडी इंडियानातून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला गेली. सुमारे ८०० मैलांचं डिझेल १ डॉलर ३८ सेंटांत. अर्विन यांचा हात पुन्हा खिशाकडं गेला. १९३१ मध्ये हेच बोटीचं इंजिन शर्यतीच्या गाडीत घालून इंडियानापोलिसला उतरवलं. डेव्ह इव्हान्सनं ५०० मैल एकदाही न थांबता पूर्ण केले. नंबर आला तेरावा. पण इंधनाला, टायरला, कशालाच थांबावं लागलं नाही, हे तिथं पहिल्यांदाच घडत होतं. मला यातलं आवडतं ते एवढंच की ८५ हॉर्सपॉवरचं ते इंजिन शर्यतीसाठी नव्हे, तर तासन्‌तास एका सुरात चालायसाठी घडलेलं होतं. याच कमिन्सचं पुढं १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्करांशी लग्न लागलं.

आपल्याकडं प्रवास उलट्या दिशेनं झाला. रस्त्यावरची इंजिनं समुद्रात गेली. कोकणच्या मासेमारी बोटींवर अशोक लेलँडची इंजिनं सर्रास दिसतात. कंपनी खास बोटीसाठी बनवून देते तीही, आणि मोडीतल्या ट्रकची उतरवून, वॉटर कूलिंग आणि गियरबॉक्स बदलून बसवलेलीही. तिकडं बोटीची ओळखच सिलिंडरवर: ही चारची, ती सहाची. असंच एक इंजिन गुडीहत्नूरच्या पुढं उलटलेल्या ट्रकमधून निघालं, भंगारवाल्यांच्या हातोहात रत्नागिरीला मिरकरवाड्यात पोचलं आणि ऑगस्टमध्ये मासेमारी सुरू झाल्यावर एका ट्रॉलरवर चढलं. पंपाला आमच्या पंपरूमचं सील तसंच होतं. त्यावरून नंबर शोधून तिथल्या मेकॅनिकनं फोन केला. तो फोन मी स्पीकरवर ऐकला, म्हणून सांगतो.

‘उस्ताद, पंप तुमच्याकडचा आहे. बंदरातून निघताना बोट अशी पळते की बघत राहावं. पण जाळं ओढायला लागली की अर्ध्या तासात पाणी उकळतं. सायलेन्सर लाल.’

‘धूर?’

‘काळाकुट्ट.’

‘जाळं किती वेळ ओढता?’

‘तीन तास, चार तास. मासळीवर आहे.’

उस्तादांनी आयुष्यात बोट पाहिली ती बासरच्या घाटावर, गोदावरीत डुबकी मारायला गेले तेव्हा. त्यांनी आपल्या हिशेबानं विचारलं, ‘मधे उतार किती लागतो?’

पलीकडं दोन क्षण काही नाही. मग तो माणूस एवढा हसला की फोन फाटतो की काय. ‘समुद्राला कसला उतार, उस्ताद!’

उस्ताद मात्र हसले नाहीत. खुर्चीवर बसले आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलेलं त्यांच्या तोंडावर दिसलं. ट्रक घाट चढतो तो दहा-पंधरा मिनिटं. मग उतार आहे, सपाटी आहे, टोलनाका आहे, ढाब्यावरची दाल आहे. इंजिनाला श्वास घ्यायला जागा मिळते. त्या इंजिनाच्या प्लेटवरची १३० हॉर्सपॉवर या श्वासांसकट धरलेली असते. बोटीला प्रोपेलर पाण्यात असेपर्यंत चढणच चढण. शिवाय पाण्याचा हिशेब क्रूर आहे: प्रोपेलरला लागणारा जोर फेऱ्यांच्या घनानं वाढतो. फेऱ्या ८० टक्क्यांवर आणल्या की निम्म्याच ताकदीत भागतं. शेवटच्या थोड्या वेगासाठी उरलेली निम्मी जाते. त्यात प्रोपेलर जरा मोठा बसवला असेल तर इंजिन पुऱ्या फेऱ्यांना पोचतच नाही, फेऱ्या राखणारा गव्हर्नर बिचारा रॅक पुढं रेटत राहतो, स्क्रूला टेकवून ठेवतो, आणि तेल पूर्ण जात राहतं, तासन्‌तास.

‘तेल कमी करा,’ उस्ताद म्हणाले. ‘सील तोडा, मी सांगतो तेवढा स्क्रू मागं घ्या. गव्हर्नरही खाली आणा. आणि प्रोपेलर बदलता येतो का बघा.’

मी त्यांच्याबरोबर काम केलं त्या सगळ्या काळात, सील तोडा असं मी त्यांच्या तोंडून ऐकलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. बोट आता तापत नाही, पण मालक भडकलाय. १३० चं इंजिन म्हणून पैसे मोजलेत. राहिलेली हॉर्सपॉवर गेली कुठं?

‘त्यांना सांगा, घाटात ठेवलीय,’ उस्ताद म्हणाले.

त्यानंतर त्यांनी गावाकडच्या इंजिनांकडं वेगळ्या नजरेनं बघायला सुरुवात केली. पुण्याच्या खडकीत १९४६ पासून बनणारी किर्लोस्करची ऑइल इंजिनं आमच्याकडच्या विहिरींवर वर्षानुवर्षं धडधडली. त्यांतलं ५ हॉर्सपॉवरचं, १५०० फेऱ्यांचं इंजिन आम्ही पोरं कुचकामी समजायचो. एवढं जड धूड आणि जोर फक्त पाच? पण ते संध्याकाळी सुरू करून पहाटे बंद करतात. भारतीय मानकाप्रमाणं अशा इंजिनानं आपला नेमून दिलेला जोर सलग द्यायचा असतो, वर १२ तासांतून एक तास १० टक्के जास्तही. म्हणजे आदिलाबादच्या शिवारातलं ते ओबडधोबड इंजिन मिरकरवाड्याच्या ट्रॉलरच्या जातीचं होतं, आणि चकाचक ट्रक परका. प्लेटवर तास लिहिलेले नसतात, घोळ सगळा तिथं आहे. त्यात कुणी किलोवॉट लिहितो, कुणी मेट्रिक हॉर्सपॉवर, कुणी ब्रिटिश. १०० किलोवॉटचे एकीकडं १३६ होतात, दुसरीकडं १३४.

सीलची ही नाटकं आपल्याकडंच चालतात असं कुणी समजू नये. युरोपात उत्तर समुद्राच्या किनाऱ्यालगत १२ सागरी मैलांच्या आत समुद्रतळ खरवडणाऱ्या बीम ट्रॉलरना २२१ किलोवॉटची, म्हणजे ३०० हॉर्सपॉवरची मर्यादा आहे. म्हणून डच कोळी मोठं इंजिन घ्यायचे, पंप कमी करून कागदावर ३०० करायचे आणि वर सरकारी सील. पुढं काय होत असेल ते पंपरूममधल्या माणसाला सांगायला नको. युरोपीय आयोगाच्या २०१९ च्या पाहणीत दाखल्यापेक्षा जास्त ताकदीच्या बोटी सापडल्याच. महबूब घाट प्रत्येकाचा वेगळा असतो, एवढंच.

आता तो स्क्रू रस्त्यावरून गेला. २०१७ मध्ये धुराचं बीएस-फोर मानक आलं तेव्हा लेलँडनं हाच इनलाइन पंप ठेवून परीक्षा पास केली होती, आणि आमच्या पंपरूममध्ये पेढे वाटले होते. २०२० मध्ये बीएस-सिक्स आलं आणि नव्या ट्रकमधून तो पंप गेला. कॉमन रेल, सेन्सर, कॉम्प्युटर. तेल किती सोडायचं हे आता एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. त्या फाइलचं सील तोडणारी पोरंही हायवेवर आलीच. लॅपटॉप, एक केबल, आणि वाक्य तेच, थोडा बढा देते हैं. उस्तादांच्या बेंचवर मात्र अजून पंप येतात, जुन्या ट्रॅक्टरचे, जनरेटरचे आणि बोटींचे. समुद्र अजून स्क्रूवर चालतो.

एकदा मी त्यांना कमिन्सच्या बोटीच्या इंजिनांची पत्रकं वाचून दाखवली. ५.९ लिटरचं, सहा सिलिंडरचं एकच ब्लॉक; त्याचे भाऊबंद आपल्याकडं टाटांच्या ट्रकांत जमशेदपूरहून येतात. टर्बो नसेल तर बोटीत ११५ हॉर्सपॉवर, टर्बो लावला की २१०, आणि आफ्टरकूलरसकट सगळं चढवून, ३००० फेऱ्यांवर, ३७०. उस्तादांनी चष्मा लावला, कागद स्वतःच्या हातात घेतला. याच ब्लॉकमधून ३७०? पंप कुठला? नोझल कुठला? मी खालची बारीक अक्षरं वाचली. ही शेवटची ताकद हौशी लोकांच्या बोटींसाठी आहे, आणि अट अशी की पूर्ण जोर आठ तासांतून एकच तास.

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. बराच वेळ विचार करून विचारलं,

‘आणि उरलेले सात तास ते लोक करतात काय?’